म्हाताऱ्या पावसातले चतुर

पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला आमच्याकडे 'तरणा पाऊस' म्हणतात आणि त्यामागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला 'म्हातारा पाऊस'. तरणा कोसळतो आणि मोकळा होतो. म्हातारा मात्र चिवट असतो. ओसरीवर ठाण मांडून बसलेल्या वडीलधाऱ्यासारखा दिवसदिवस हलत नाही. गेल्या जुलै महिन्यातील अखेरच्या रविवारी अशा म्हाताऱ्या पावसात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मी कोल्हापूरच्या कळंबा तलावावर चतुर शोधण्यासाठी गेलो होतो. बँकेतील माझे जुने सहकारी हे वाचून हसतील. छत्तीस वर्षे खातेवह्या आणि तारणपत्रे तपासण्यात गेलेल्या माणसाने ओल्या गवतात किडे शोधीत फिरावे, हे मलाही त्या दिवसापर्यंत हास्यास्पदच वाटले असते.

खरे सांगायचे तर मी आपण होऊन गेलो नव्हतो. मला पाठविण्यात आले होते. माझी नात यंदा बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. चिरंजीवांची योजना अशी, की तिने औषधनिर्माणशास्त्राची पदवी घ्यावी आणि चार वर्षांनी लक्ष्मीपुरीतील आमच्या किराणा-भुसार दुकानाशेजारच्या गाळ्यात औषधांची घाऊक एजन्सी सुरू करावी. गाळ्याची प्राथमिक बोलणीही झाली होती. नातीने मात्र एके सायंकाळी जेवताना शांतपणे सांगितले, "मला प्राणिशास्त्र घ्यायचे आहे. कीटकांचा अभ्यास करायचा आहे."

घरात दोन आक्षेप उठले. चिरंजीवांचा आक्षेप पोटापाण्याचा. सौभाग्यवतींचा आक्षेप त्याहून खोलवरचा. "किडे मारून, त्यांना टाचण्या टोचून पेट्यांत मांडतात म्हणे. मुंगी ओलांडून चालायला शिकविलेली आपली मुलगी हे करणार का?" प्रवेशाची मुदत पुढच्या गुरुवारी संपत होती. शेवटी चिरंजीव मला म्हणाले, "आण्णा, ती तुमचे ऐकते. रविवारी ती तलावावर जाणारच आहे. तुम्ही बरोबर जा आणि तिची समजूत घाला."

थकीत कर्जदाराच्या घरी वसुलीस निघावे, तशी मी मनाशी मुद्द्यांची जुळवाजुळव केली. निघताना सौ. म्हणाल्या, "चातुर्मासात जमीन जीवांनी भरलेली असते. या दिवसांत मुनीसुद्धा विहार थांबवितात, आणि तुम्ही दोघे नेमके आताच निघालात!" नात म्हणाली, "आजी, आम्ही मळलेल्या वाटेनेच चालू. आणि मी काही पकडणार नाही, मारणार तर मुळीच नाही. फक्त पाहणार आहे." तिने पिशवीत कॅमेरा, वही आणि भिंग घेतले; सौं.नी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा दिला; मी माझी बँकेच्या दिवसांपासूनची मोठी काळी छत्री घेतली.

रिक्षा मंगळवार पेठेतून जाताना 'पाण्याचा खजिना' या ठिकाणाजवळून गेली. कोल्हापूरकरांना हे नाव सवयीचे झाले आहे, परंतु त्यातील अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. संस्थानकाळात कळंब्याचे पाणी नैसर्गिक उताराने शहरात आणून येथे साठविले जाई आणि पेठांना पुरविले जाई. ज्याने पाण्याच्या साठ्याला 'खजिना' म्हटले, त्याला हिशेब कळत होता, असे मला नेहमी वाटत आले आहे. पुढे कळंबा कारागृह मागे टाकून गारगोटीच्या रस्त्याने आपण तलावाशी येतो. दक्षिणेकडे कात्यायनीचे डोंगर. त्या बाजूचे ओहोळ उतरून या तलावात येतात. त्या दिवशी डोंगर दिसतच नव्हते. त्यांच्या जागी ढगाचा एक करडा पडदा होता. तलाव काठोकाठ भरला होता आणि सांडव्यावरून पाण्याची पांढरी चादर खाली उतरत होती. सांडवा पाहावयास आलेली माणसे कणसे खात, छायाचित्रे काढीत उभी होती. नात त्या गर्दीकडे न वळता बांधाच्या कडेने गवताळ काठाकडे निघाली.

पहिला अर्धा तास आम्हांला काहीही दिसले नाही. मी म्हणालो, "या पावसात कोणता किडा बाहेर पडेल? उन्हाच्या दिवशी यायला हवे होते." ती म्हणाली, "उन्हात ते उडतात, आजोबा, त्यामुळे फक्त रेषा दिसते. ढगाळ हवेत त्यांचे शरीर गार पडते. ऊब मिळाल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. म्हणून पावसात ते लपून स्वस्थ बसतात. पावसात शोधायला कष्ट फार पडतात, पण सापडला की मनसोक्त पाहता येतो." मग तिने मला पाहण्याची पद्धत शिकविली. वरून पाहायचे नाही. खाली वाकून पानांच्या आणि पात्यांच्या पाठीकडे पाहायचे. नजर झरझर फिरवायची नाही. एका हाताएवढ्या जागेवर मनात शंभर आकडे मोजेपर्यंत थांबायचे.

मोजणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय. बेचाळीस-त्रेचाळीस आकडे झाले असतील, तोच ज्याला मी गवताची पिवळी काडी समजत होतो, तिला डोळे असल्याचे माझ्या ध्यानात आले. पिवळे धमक, सुईसारखे बारीक शरीर, पाठीवर मिटून धरलेले काचेसारखे पंख, आणि पंखांच्या टोकाशी पावसाचा एक थेंब. "ही टाचणी," नात कुजबुजली. सौं.च्या टाचण्यांची मला आठवण झाली. पेटीतल्या किड्याला टोचतात ती टाचणी, आणि ही जिवंत, श्वास घेणारीही टाचणीच!

चतुर आणि टाचणी हे एकाच कुळातले दोन भाऊबंद होत. चतुर अंगाने दणकट असतो; बसला तरी पंख पसरून बसतो; त्याचे मागचे पंख पुढच्यांहून रुंद असतात आणि बहुतेक जातींत दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. टाचणी नाजूक, तिचे चारही पंख सारख्याच घडणीचे, बसताना बहुधा ती ते पाठीवर मिटून घेते, आणि तिचे डोळे तराजूच्या दोन पारड्यांसारखे दोन बाजूंना असतात. एवढ्या खुणा ध्यानात ठेवल्या, तर आपल्या वाचकांपैकी कोणीही घराजवळच्या डबक्यावर या दोघांना ओळखू शकेल. आपल्या सह्याद्रीच्या रांगांत, म्हणजे पश्चिम घाटात, या दोहोंच्या मिळून सुमारे दोनशे जाती नोंदविलेल्या आहेत.

पुढे सांडव्याजवळच्या एका काळ्या दगडी भिंतीपाशी नातीने मला उभे केले आणि म्हणाली, "आजोबा, या भिंतीवर एक चतुर बसला आहे. शोधा." मी चष्मा पुसला. भिंत माझ्यापासून दोन हातांवर होती. तिच्यावर शेवाळ होते, चुन्याचे डाग होते, ओल होती, चतुर नव्हता. माझा धीर संपत आला, तेव्हा तिने बोट न लावता दिशा दाखविली. चुन्याचा डाग म्हणून मी ज्यावरून तीन वेळा नजर फिरविली होती, तोच चतुर निघाला. काळ्या-राखाडी ठिपक्यांचा, पंख दगडाला चिकटवून सपाट बसलेला. इंग्रजीत याला 'ग्रॅनाइट घोस्ट', म्हणजे पाषाणातले भूत, म्हणतात. तो जुन्या भिंतींवर, घरांच्या कुंपणांवर नेहमी असतो आणि पाण्याच्या टाक्यांमध्येही वाढतो. म्हणजे माझ्या घराच्या भिंतीवर तो पूर्वीच कितीदा येऊन बसला असेल आणि मी त्याच्याकडे पाहत असूनही तो मला दिसला नसेल.

पाऊस वाढला, तेव्हा आम्ही एका झाडाखाली थांबलो. समजूत घालण्याची हीच वेळ आहे असे मी ठरविले. तिने मघाशी बोलता बोलता फ्रेझर यांचे नाव घेतले होते. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हे ब्रिटिश अमदानीतील लष्करी वैद्यकीय सेवेतले अधिकारी. हिंदुस्थानातील चतुर आणि टाचण्यांवरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक त्याचाच आधार घेतात. मी तोच धागा पकडला. "पाहा, बाळ. तुझे हे फ्रेझरसाहेब पेशाने डॉक्टर होते. पोटासाठी वैद्यकी केली आणि फावल्या वेळात चतुर पाहिले. तूही औषधनिर्माण कर, एजन्सी सांभाळ आणि रविवारी चतुर पाहा. मी येत जाईन तुझ्याबरोबर."

माझा युक्तिवाद मला बिनतोड वाटला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, चतुर उडताना दिसतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा थोडा भाग. त्याआधी तो पाण्याखाली असतो. काही जाती काही आठवडे, काही जाती कित्येक महिने, तर थंड मुलखातल्या काही जाती वर्षानुवर्षे. आपल्या देशातल्या बऱ्याच जातींची ती पाण्याखालची अवस्था कोणी नीट लिहूनच ठेवलेली नाही. फ्रेझरसाहेबांचे काम संपलेले नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणजे आपल्या घाटाखाली, टाचणीची एक अगदी नवी जाती २०१९ साली जगापुढे आली. हे रविवारी होणारे काम नाही."

मी विचारले, "आणि परतफेड?" बँकेतला माणूस दुसरे काय विचारणार? तिने त्याचीही तयारी केलेली होती. पदव्युत्तर शिक्षण, मग संशोधनवृत्ती, अध्यापन. शिवाय धरण, रस्ता, कारखाना अशा मोठ्या प्रकल्पांपूर्वी पर्यावरणावरील परिणामांचा जो अहवाल कायद्याने लागतो, त्यासाठी ही माहिती असणारी माणसे लागतात. "गाळ्याइतके उत्पन्न मिळेल असे मी म्हणत नाही," ती म्हणाली. हे शेवटचे वाक्य मला आवडले. कर्ज मागण्यास येणारा माणूस उत्पन्न फुगवून सांगतो. जो कमी सांगतो त्याच्या प्रस्तावाकडे मी नेहमी अधिक लक्ष दिले आहे. राहता राहिला तिच्या आजीचा आक्षेप. तेही तिने सांगितले: विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्यास सांगितले आहे. जाती ओळखण्याचे पुष्कळसे काम आता छायाचित्रांवर होते. "पण सगळेच नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "नवी जाती जाहीर करायची तर नमुना लागतो. त्या वेळी मी काय करीन, ते मला आज ठाऊक नाही. आजीला मी खोटे सांगणार नाही."

त्यावर मला बोलता आले नाही. कारण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे साठ वर्षांपूर्वीचे एक चित्र उभे राहिले होते.

शिरोळ तालुक्यातील आमच्या गावी, नदीकाठच्या मळ्यात, भादव्याच्या दिवसांत चतुरांचे थवेच्या थवे उडत. आम्ही मुले त्यांना शेपटीशी धरीत असू आणि दोरा बांधून उडवीत असू. दोरा माझ्याच वडिलांच्या दुकानातला, पुड्या बांधायचा. एकदा मी असा एक लाल चतुर खिशातल्या आगपेटीत ठेवून घरी आणला आणि खुंटीला बांधून शाळेत गेलो. सायंकाळी परतलो तो दोऱ्याचे टोक नुसते लोंबत होते. खाली मुंग्यांची रांग लागली होती. आजीने तो प्रकार पाहिला होता. तिने मारले नाही, रागावलीही नाही. फक्त त्या रात्री ती जेवली नाही. मी विचारले तर म्हणाली, "त्याला जेवता आले नाही ना आज." मी ही गोष्ट कोणाला कधी सांगितली नव्हती. झाडाखाली उभे असताना ती नातीला सांगितली. ती म्हणाली, "चतुराला चालता येत नाही, आजोबा. त्याचे सहा पाय पुढे एकत्र येऊन टोपलीसारखे होतात, उडता उडता भक्ष्य धरण्यासाठी. तो बसू शकतो, चालू शकत नाही. त्याला बांधले की सगळेच संपते." तिने मला दोष दिला नाही आणि माझे सांत्वनही केले नाही. फक्त माहिती दिली. ती माहिती मला साठ वर्षे उशिरा मिळत होती.

पाऊस जरा ओसरल्यावर आम्ही पाणकणसांच्या बेटाकडे गेलो. तेथे पाण्यातून वर आलेल्या एका पात्यावर, वीतभर उंचीवर, नातीला काही दिसले आणि तिने हाताने मला थांबविले. पात्याला एक तपकिरी, चिमुकले, रिकामे कवच घट्ट धरून होते. पाठीवर फाटलेले, आत कोणी नाही. त्याच्या किंचित वर एक टाचणी होती. परंतु मघाच्या टाचणीसारखी रंगीत नव्हे. दुधात पाणी घालावे तसा तिचा रंग होता आणि पंख ओल्या सेलोफेनसारखे चमकत होते. "आत्ताच बाहेर आली आहे," नात म्हणाली. पाण्याखाली वाढ पूर्ण झाल्यावर तो जीव रात्री, पहाटे किंवा दिवसा, जातीच्या रिवाजाप्रमाणे, एखादे पाते चढून वर येतो. पाठीवरची कातडी उकलते, पंख बाहेर येऊन पसरतात आणि मग वाळून कडक होईपर्यंत त्याला तसेच स्वस्थ बसावे लागते. त्या अवधीत तो उडू शकत नाही, लपू शकत नाही. पंखाला सुरकुती पडली तर ती जन्मभर राहते.

आणि त्याच वेळी कात्यायनीकडून पावसाची सर पुन्हा चालून येत होती. पाण्यावरून तिचा आवाज आधी आला. मी छत्री उघडली, एक पाऊल पुढे टाकले आणि थांबलो. "धरू का?" मी विचारले. नात घुटमळली. "निरीक्षकाने मध्ये पडायचे नसते," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण निरीक्षक मी आहे, आजोबा. तुम्ही नाही. तुम्ही धरा. पाते मात्र हलवू नका."

मी चिखलात उकिडवा बसलो आणि हात लांब करून छत्री त्या पात्यावर धरली. सर आली. माझी पाठ भिजली, बुटांत पाणी शिरले, गुडघ्याने तक्रार सुरू केली. छत्रीच्या कापडावर पाऊस ताडताड वाजत होता आणि खाली ती टाचणी हलतही नव्हती. मी घड्याळ पाहत होतो. दहा मिनिटे. वीस. हाताला कंप सुटला, तेव्हा मी दुसऱ्या हाताचा आधार दिला. नात मधूनमधून वहीत नोंद करीत होती. तिसाव्या मिनिटाच्या सुमारास पंखांवरचा दुधी रंग उतरून ते काचेसारखे होऊ लागले. मला वाटते, बँकेत असताना कोणत्याही कामात माझे चित्त एवढे एकाग्र झाले नव्हते. चाळीस मिनिटे झाली असतील. पाऊस थांबला, ढग जरा पातळ झाले, आणि त्या जिवाने पंख एकदा उघडून मिटले. मग तो पात्यावरून सुटला. पाण्याकडे झुकला, सावरला आणि दोन-अडीच वाव अंतरावरच्या गवतात जाऊन बसला. पहिले उड्डाण म्हणजे तेवढेच. कवच पात्यावर तसेच राहिले.

मला उठून उभे राहण्यास नातीने हात दिला. दोघेही काही बोललो नाही. तिच्या आजीच्या पुऱ्या आम्ही बांधावर बसून खाल्ल्या.

ऊन पडले आणि मग जे झाले ते मी अजून विसरलेलो नाही. कोठून आले कळले नाही, परंतु बांधावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपासून वर, सोनेरी-पिवळे चतुर उडू लागले. दहा, पन्नास, मग मोजदाद संपली. पंख न हलविल्यासारखे ते तरंगत. "हेच ते भटके," नात म्हणाली. या जातीस इंग्रजीत 'वाँडरिंग ग्लायडर' म्हणतात. वजन एक ग्रॅमही नाही. पावसाने भरलेल्या तात्पुरत्या डबक्यांत हे अंडी घालतात. पिल्ले डबके आटण्यापूर्वी, दीड-दोन महिन्यांत वाढून मोकळी होतात. आणि पावसाळा सरला की ते वाऱ्याबरोबर समुद्राकडे निघतात. मालदीव बेटांवर राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या ध्यानात आले, की दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास तेथे लाखो चतुर उतरतात, जेव्हा त्या बेटांवर अंडी घालण्याजोगे गोडे पाणी जवळजवळ नसतेच. ते भारताकडून येत असले पाहिजेत आणि पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असले पाहिजेत, असे त्यांनी २००९ साली मांडले. परतीचा प्रवास त्यांची पुढची पिढी करते. जो निघतो तो परतत नाही. परततात ती त्याची नातवंडे-पतवंडे.

हे ऐकून मला आपल्या समाजातील त्या कुटुंबांची आठवण झाली, ज्यांचे पूर्वज कच्छ-सौराष्ट्राच्या बंदरांतून याच वाऱ्यांच्या भरवशावर गलबतांतून निघाले आणि मोंबासा, नैरोबीस दुकाने मांडून राहिले. त्या वाऱ्यांचे वेळापत्रक व्यापाऱ्यांना ठाऊक होते. या चतुराला ते त्याच्याही फार पूर्वीपासून ठाऊक असावे. चतुरांच्या पूर्वजांचे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष खडकांत सापडतात. त्यांतल्या एकाच्या पंखांचा विस्तार दोन फुटांहून अधिक होता.

परतताना रस्त्याकडेला एक नवी काळी मोटार उभी होती. पावसाने धुऊन तिचे बॉनेट आरशासारखे चकाकत होते आणि एक चतुरमादी त्यावर पुन्हापुन्हा शेपटीचे टोक टेकवीत होती. मी म्हणालो, "ही काय करते आहे?" नात म्हणाली, "अंडी घालते आहे. चकचकीत काळ्या पत्र्यावरून उजेड जसा परततो, तसाच तो पाण्यावरून परततो. तिला ते पाणीच वाटते." ती अंडी उन्हात वाळून जाणार होती. छत्तीस वर्षे मी खोट्या तारणांपासून बँकेला जपत आलो. येथे मात्र खोटे तारण आपणच मांडून ठेवले होते आणि फसला होता तो मुका जीव.

त्यावरून मला माझ्या नोकरीतील एक फाइल आठवली, ती आजवर आठवण्याचे कारण नव्हते. शहराबाहेरच्या एका ओढ्याकाठची जमीन. तिच्यावर घरे बांधण्यासाठी कर्जाची मागणी होती. मी स्वतः पाहणीस गेलो होतो. एका कोपऱ्यात पाणथळ होते, लव्हाळी होती, आणि वर हेच पिवळे चतुर उडत होते. मी मालकीची कागदपत्रे तपासली, हद्दी पाहिल्या, मूल्यांकन पडताळले. पाणथळ 'भराव घालून समतल करण्याजोगे' असे अहवालात लिहिले. सगळे नियमाप्रमाणे होते. कर्ज वेळेवर फिटले. आज तेथे चार इमारती आहेत आणि पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरते, डासांनी लोक बेजार होतात. डासांच्या अळ्या खाणारी चतुरांची पिल्ले ज्या पाण्यात वाढत होती, ते पाणी माझ्या सहीने बुजले होते. त्या जागेत कोण राहते, हे विचारण्यास माझ्या नमुन्यात रकाना नव्हता. परंतु मी तो मागितलाही नाही.

दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचलो. जेवणे आटोपल्यावर चिरंजीवांनी विचारले, "मग आण्णा, समजली का?" मी म्हणालो, "प्रस्ताव तपासला. उत्पन्न कमी आहे, जोखीम आहे, अर्जदार खरे बोलतो. माझा अभिप्राय मंजुरीचा आहे." ते काही बोलले नाहीत. त्यांना हे पटले नव्हते आणि ते पूर्णपणे पटले आहे असे आजही मी म्हणणार नाही. गाळा दुसऱ्याने घेतला, याची खंत त्यांना आहे आणि ती खोटी नाही. दुकान उभे ठेवणाऱ्या माणसाची खंत मी समजू शकतो. मात्र गुरुवारी सकाळी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, दुकान मुनिमांवर सोपवून ते स्वतः नातीबरोबर महाविद्यालयात शुल्क भरण्यास गेले.

सौ. त्या रविवारी रात्री उशिरापर्यंत जाग्या होत्या. माझे ओले बूट त्यांनी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळत ठेवले होते. नमुन्याची आणि टाचण्यांची गोष्ट मी त्यांना सगळी सांगितली होती, नातीने सांगितली तशीच, काही न लपविता. साठ वर्षांपूर्वीच्या दोऱ्याची गोष्टही सांगितली. त्यांनी दोन्हींवर काही मत दिले नाही. दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी अंधारात एवढेच विचारले, "तुम्ही छत्री धरलीत, तो जीव उडाला ना नक्की?"

"उडाला," मी म्हणालो. "गवतापर्यंत."